तळ्याकडची खोली

तिने एक हात सासूच्या खांद्याखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि श्वास रोखून म्हातारीला भिंतीकडून खिडकीकडे वळवलं. पाठीशी उशी लावली, गुडघ्यांमध्ये चादरीची घडी सरकवली, गाउनची चुणी हाताने सपाट केली. चुणी राहिली की कातडीवर वळ उठतो. मग ती कॉटच्या कडेला बसली, खिडकीकडे पाठ करून. भरवायचं तर तोंडासमोरच बसावं लागतं.

खिडकीत तळं होतं. एवढा डोंगर चढून सगळे त्याच्यासाठीच आले होते.

काल खोल्या वाटताना धाकटा दीर हॉटेलच्या मॅनेजरला म्हणाला होता की तळ्याकडची खोली आमच्या आईला द्या, आम्ही मागच्या बाजूला भागवून घेऊ. केवढा तो त्याग! मागच्या खोल्यांतून भटारखान्याचं धुराडं दिसायचं हे खरं, पण तिथे रात्रीतून चारदा उठून कुणाची कूस बदलायची नव्हती. आईजवळ कोण झोपणार, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. गेली आठ वर्षं पडला नव्हता, तो इथल्या थंड हवेत कुठून पडणार?

म्हातारीची डावी बाजू लुळी पडल्यापासून दर दोन तासांनी तिला वळवायचं, हे काम थोरल्या सुनेचं. ती बाजू हलत नव्हती, दुखायची मात्र पुरेपूर. घरी येणारा डॉक्टर दर खेपेला पाठ तपासायचा आणि म्हणायचा, इतक्या वर्षांत एक व्रण नाही, कमाल आहे. नवरा मान डोलवायचा, जणू रात्री तोच उठत होता. आयुष्यात तिला मिळालेलं हे एकच प्रशस्तिपत्र, आणि तेही दुसऱ्याच्या पाठीवर.

खरं तर यंदा आई धाकट्याकडे जायची होती. तसं सगळ्यांसमोर ठरलं होतं. धाकट्याच्या नव्या घरात तिच्यासाठी खोलीही काढली होती. त्या खोलीत आता व्यायामाचं यंत्र आलं होतं. गाडीत पुढे बसून दोघे भाऊ घाटभर हळू आवाजात बोलत होते आणि मागे जाऊ तिचा हात धरून सांगत होती, वहिनी, तुमच्यासारखं आम्हाला सात जन्मांत जमायचं नाही हो. कौतुक करून करून गळ्यात दोर बांधायची कला एकेकाला जन्मजातच असते. ही सहल कशासाठी आहे, हे तिला पहिल्या वळणावरच कळलं होतं. आज संध्याकाळी चहाला विषय निघणार होता. नको म्हणायचं असेल तर आजच. आणि नको म्हणायला लागते तेवढी ताकदही तिच्यात उरली नव्हती. सकाळी उठताना भिंत धरल्याशिवाय तिची कंबर सरळ होत नसे.

दुपारी सगळे नावेत बसायला खाली गेले. तळ्यापर्यंत पायऱ्या होत्या आणि चाकांची खुर्ची पायऱ्या उतरत नाही, हा शोध त्यांना इथे आल्यावर लागला. नवरा दारात थांबून म्हणाला, तूही आली असतीस, पण आईला एकटीला... वाक्य त्याने तिथेच सोडलं. आठ वर्षांत ते एकदाही पुरं केलं नव्हतं.

तिने केळं कुस्करून भरवलं. तोंड पुसलं. म्हातारीच्या उजव्या हाताशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला. कूस बदलून हवी असली की ती पेल्यावर चमचा आपटायची. घरी तो ठणठणाट शेजारच्यांनाही पाठ होता. मग तिने जरा वेळ, म्हणून डोकं कॉटच्या कडेला टेकलं.

डोळे उघडले तेव्हा उन्हाने भिंत सोडली होती. ती धडपडत उठली. म्हातारी तशीच डाव्या अंगावर पडून होती, डोळे उघडे, ओठ घट्ट मिटलेले, चमचा हातात. तिला वळवून गाउन वर केला तर खुब्यावर तळहाताएवढा लालभडक डाग. तिने बोटाने दाबून पाहिलं. लाली हटेना.

"चमचा हातात होता ना? वाजवला का नाही?"

म्हातारीने शब्द जुळवायला वेळ घेतला. जीभ जड झाली होती, धार तेवढी शाबूत होती.

"घोरत होतीस," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुढे म्हणाली, "म्हशीसारखी."

सुनेला हसू आलं नाही. तिने डागावर मलम लावलं. एका झोपेपायी आठ वर्षं मातीत गेली होती. कुणाला सांगू नका, एवढंच ती पुटपुटली. म्हातारी तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

चहाला सगळे याच खोलीत जमले. बूट ओले, गाल लाल. जावेने नावेचं वर्णन केलं, पाणी किती हिरवं, पाण्यात हात कसा घातला, सगळं. मग दिराने घसा साफ केला. आईला दादाच्याच घराची सवय, तिथली माणसं, तिथले आवाज. या वयात जागा बदलली की माणूस खचतं. शिवाय वहिनींचा हात. नवरा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. घाटातच तालीम झाली असणार. शेवटी दीर आईकडे वळला, रीत म्हणून.

"आई, तुला वहिनींकडेच बरं वाटतं ना?"

"नाही," म्हातारी म्हणाली.

सगळ्यांना वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. दिराने तो पुन्हा विचारायला तोंड उघडलं.

"ही चिमटे काढते."

उजव्या हाताने म्हातारी खुब्यावरची चादर ओढू लागली. जावेने चादर उचलून पाहिलं. दोघे मुलगे खिडकीबाहेर बघू लागले.

"लाल झालंय हो," जाऊ हलक्या आवाजात म्हणाली.

नवरा वळला. "काय गं हे?"

उत्तर तिच्या ओठावर होतं. डोळा लागला, कूस बदलायची राहिली, अशी लाली पडून राहिल्यानेच येते. डॉक्टरला विचारा. एका वाक्यात ती सुटली असती. मग सगळे म्हणाले असते, बिचारी थकली होती, होतं असं, तरी वहिनींसारखं कुणी करणार नाही. आणि खोलीतलं यंत्र जिथल्या तिथे राहिलं असतं.

तिने सासूकडे पाहिलं. म्हातारीचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. ती धाकट्या मुलावर नजर रोखून होती. चालत्या पायांच्या दिवसांत भाजीवालीशी भाव करताना रोखायची तशी, पापणी न हलवता.

"बोल ना," नवरा म्हणाला.

"कधीकधी राग येतो," ती म्हणाली.

दिराने कप खाली ठेवला. मग आईला आमच्याकडेच, असं काहीसं तो जमिनीकडे बघत म्हणाला. चिमट्यांपुढे जाऊ व्यायामाच्या यंत्राचा विषय काढणार कशी?

उठताना सवयीने तिचा हात सासूच्या पाठीमागच्या उशीकडे गेला. जावेने ती उशी आधीच धरली होती.

"राहू द्या, वहिनी. तुम्ही हात नका लावू."

दर दोन तासांनी वळवायचं, एवढं सांगून ती बाहेर पडली.

मागच्या खोलीत नवरा तिच्या पाठोपाठ आला. त्याने आपली उशी आणि पांघरूण उचललं आणि तिच्याकडे न बघता तो भावाच्या खोलीत निघून गेला. दार त्याने हळू लावलं. ती थोडा वेळ पलंगाच्या कडेवर बसली. मग आडवी झाली आणि हळूहळू सरकत पलंगाच्या मधोमध आली.

अंधार पडताना जेवणाच्या खोलीतून ताटं मांडल्याचा आवाज आला. एकेकाला नावाने हाका गेल्या. तिला कुणी हाक मारली नाही.