प्लास्टरच्या मेंदूने पाहिलेली धडधड

मी एक जुना मेंदू आहे. प्लास्टरचा! हसू नका मित्रांनो. माझ्यात विचार औषधालाही सापडणार नाही. पण तांबरमच्या एका कॉलेजात मेंदू कसा चालतो, हे मुले माझ्यावरच शिकली. मद्रासच्या एका मूर्तिकाराने १९५४ साली मला घडवले, माझे आठ भाग रंगवले आणि प्रत्येकावर काळा आकडा घातला. मुले मला सोडून आकडेच पाठ करत. मला फार राग येई.

कनका त्यांतलीच. तंजावरकडच्या मराठी घरातली हुशार मुलगी, पण तोंडी परीक्षेत तिची दातखिळी बसे. एप्रिलमध्ये ती नापास झाली. ऑक्टोबरात पास झाली नाही तर कॉलेज बंद, असे तिच्या वडिलांनी, अप्पांनी, बजावले होते.

तिचे मास्तर वसंतराव पुण्याचे. एकदा त्यांनी तिला विचारले, "सैदापेट स्टेशनात धावत गाडी पकडतेस, तेव्हा छाती धडधडते ना?"

"धडधडते, सार." सरांना ती तिकडच्या पद्धतीने सार म्हणे.

"मग भीती वाटते?"

"छे! गाडी मिळाली म्हणून आनंद होतो."

"धडधड तीच. मागच्या अनुभवावरून मेंदू तिचा अर्थ लावतो. परीक्षेत तुझा मेंदू एप्रिल आठवतो आणि त्यातून भीती तयार करतो."

इतकी वर्षे मेंदू असून मला हे ठाऊक नव्हते!

दसरा झाला आणि लगेच परीक्षा आली. आमचा शिपाई सुब्बा मोठा भाविक. आयुधपूजेला, म्हणजे कामाच्या साधनांच्या पूजेला, त्याने तराजू, भिंगे यांच्याबरोबर मलाही चंदन फासले होते, तेही नेमके आकड्यांवर. पूजेचे चंदन पुसणार कोण?

परीक्षक पद्मनाभ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यात भीती कुठे असते, दाखव."

कनका आकडा शोधू लागली. सगळीकडे चंदन! तिने माझे आठही भाग चाचपून पाहिले. आता संपले, असे मला वाटले.

तिने हात छातीवर ठेवला. "ती एका जागी ठेवलेली नसते, सार. माझी छाती आत्ता धडधडते. मेंदू म्हणतो, भय. पण गाडीमागे धावते तेव्हाही अशीच धडधडते. आज मी म्हणते, ही उत्तराची तयारी."

"पुस्तकात असे नाही."

"नाही, सार. पण होते असेच."

पद्मनाभ हसले. "पुढे बोल."

ती बोलतच राहिली. पास झाली!

आता नवा मेंदू आला आहे आणि मी कपाटावर पडून आहे. वाईट वाटते. पण मित्रांनो, माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल. वर्गात कुणी घाबरून गप्प उभे असेल, तर त्याला भित्रा म्हणू नका. उद्या छाती धडधडली, की त्याचा मेंदू तुमचाच शब्द आठवेल.