दुसऱ्या वापरकर्त्याची सही

कोड कुणीही लिहील, मार्क विश्लेषणाला आहेत, हे आमच्या सरांचं ठरलेलं वाक्य. विश्लेषण म्हणजे प्रोजेक्टचा पहिला भाग. ज्यांच्यासाठी प्रोग्रॅम करायचा त्या वापरकर्त्यांना गाठायचं, त्यांचं काम आज कसं चालतं ते बघायचं, त्यांची मुलाखत शब्दशः उतरवायची आणि शेवटी त्यांची सही घ्यायची. ‘शब्दशः’वर सरांचा भारी जीव. माझे दोन्ही वापरकर्ते घरातलेच होते, बाबा आणि काका. त्यांचं शब्दशः उतरवायचं तर शिव्यांनीच पान भरलं असतं.

दोघांचा काच कापायचा कारखाना एकच, पण बोलणं बंद. कधीतरी टेबलाच्या जागेवरून वाजलं, तेव्हा दोघांनी तोवर एकाच बाजूला असलेली आपापली टेबलं कारखान्याच्या दोन टोकांना ओढून नेली. मध्ये काचा उभ्या ठेवायचा लोखंडी स्टँड तेवढा राहिला. तेव्हापासून ‘माझी काच चोरली’ सुरू झालं. काकाने बाबांची भुवई फोडली. बाबांनी काकाचा दात पाडला, आणि तो दात कित्येक दिवस टेबलाखालीच पडून होता, कारण उचलणार कोण? "एक दिवस यातला एक दुसऱ्याला मारून मोकळा होणार," असं आई भाजी चिरता चिरता म्हणायची. इतक्या शांतपणे म्हणायची की मला धडकी भरायची.

माझा प्रोग्रॅम अगदी साधा होता. कुठली काच कुणाची, याची नोंद ठेवायची, बस. नोंद चोख झाली की मारामारी थांबेल, असं मला खरंच वाटत होतं. मार्क गेले खड्ड्यात, मला ते दोघं जिवंत हवे होते.

"सध्याच्या पद्धतीतली सगळ्यात मोठी अडचण कोणती?" मी बाबांना विचारलं.

"तुझा काका."

काकाला हाच प्रश्न विचारला. "तुझा बाप," तो म्हणाला.

पुढचं उत्तर मात्र दोघांनी जवळजवळ एकाच शब्दांत दिलं. "स्टँडवर जाऊन बघ. प्रत्येक काचेवर माझीच खूण. त्याची स्वतःची काच कधी दिसते का? माझ्याच कापतो, चोर." शेवटी भाऊच ते, खोटंसुद्धा एकच बोलतात, असं म्हणून मी दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी टाईप केली. खुणेचंही लिहिलं. ती आजोबांनी लावून दिलेली पद्धत. पिवळ्या मेणखडूची फुली, बाबांची वरच्या डाव्या कोपऱ्यात, काकाची वरच्या उजव्या. मग सहीसाठी दोघांना एकेक प्रत दिली.

दुपारी काका ती प्रत मुठीत चुरगाळून स्टँडपाशी आला. "मी चोर? पोरीच्या अभ्यासात लिहून दिलंस, दादा?"

"तू काय आरती ओवाळलीस माझी?" बाबा हातातला पाना न ठेवताच उठले.

स्टँडवर सर्वांत पुढे एका दुकानाच्या दर्शनी भागासाठी आणलेली जाड काच होती. काकाने पलीकडून तिला हात घातला, बाबांनी अलीकडून. काकाने काचेच्या कडेवरून हात घालून बाबांची कॉलर धरली आणि त्यांचं तोंड काचेवर आपटलं. नाकातून रक्त आलं. काचेवर त्याचा ओघळ उतरला.

"खूण बघ, डावा कोपरा! माझी आहे!" बाबा ओरडले.

"उजवा कोपरा आहे हा! माझी आहे!"

मी काचेच्या कडेला उभी होते. तिथून मला दोघंही दिसत होते. बाबांचं बोट आणि काकाचं बोट एकाच फुलीवर टेकलं होतं, मध्ये फक्त काचेची जाडी. समोरासमोर उभं राहिलं की एकाचा डावा तो दुसऱ्याचा उजवा. टेबलं दोन टोकांना गेली त्या दिवसापासून स्टँडवरची प्रत्येक काच दोघांचीही होती.

"थांबा, ती एकच फुली आहे," मी म्हणाले. मग किंचाळले. कुणी ऐकलं नाही.

बाबांनी काकाच्या तोंडावर पाना हाणला. मध्ये काच आहे हे ते विसरले. आयुष्यभर काच कापणारा माणूस काच विसरला. वरचा अर्धा भाग एकसंध सुटून सुऱ्यासारखा खाली आला आणि काकाच्या उजव्या मनगटात घुसला. काका स्वतःच्या हाताकडे बघत खाली बसला. बाबांनी शर्ट काढून त्या हाताला आवळला आणि दवाखाना येईपर्यंत सोडला नाही. त्यांच्या नाकातलं रक्त आणि काकाच्या हातातलं, सगळं एकाच शर्टात गेलं.

"हात राहील, पण मूठ वळणार नाही," डॉक्टर म्हणाले.

वॉर्डात मी खिडकीच्या काचेवर बोटाने फुली काढून दाखवली, आधी आतून डाव्या कोपऱ्यात, मग बाहेर जाऊन उजव्या कोपऱ्यात, त्याच जागी. काका आधी हसला, मग भिंतीकडे तोंड करून रडला. बाबांनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. नर्सने येऊन हात धरेपर्यंत ते मारतच राहिले.

विश्लेषण मी नव्याने लिहिलं. काकाने डाव्या हाताने सही केली आणि कागद हलू नये म्हणून बाबांनी तो धरून ठेवला. आठवड्याने सरांकडून प्रत परत आली. वर लाल पेनने लिहिलं होतं, ‘उत्तम निरीक्षण. दुसऱ्या वापरकर्त्याची सही वाचता येत नाही, पुन्हा घ्यावी.’

माझं डोकंच फिरलं. प्रत फाडायला घेतली, तर बाबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि बराच वेळ वाचली.

"पुन्हा नको घेऊस," ते म्हणाले. "त्या सहीखाली लिही."

"काय लिहू?"

"माझ्या भावाचा हात मी कापला. तुझ्या सरांना शब्दशः लागतं ना? तसंच लिही."

मी लिहिलं. त्याखाली त्यांनी सही केली. ती स्वच्छ वाचता येत होती.