बेचाळीस प्रकारची माणसं

खाली कारखाना, वर कचेरी. खालून दिवसभर हातोडीचा आवाज यायचा, वरून फोनचा. चालता न येणाऱ्या मुलांना त्यांच्या मापाची चाकाची खुर्ची करून द्यायची, एवढंच त्या संस्थेचं काम. एवढंच म्हणायचं खरं, पण मूल वाढतं, माप बदलतं, आणि खुर्ची पुन्हा जिन्याखाली येऊन उभी राहते. काम काही संपायचं नाव घेत नाही.

कचेरीत दोन टेबलं. एकावर आक्का, सव्वीस वर्षांपासून. दुसऱ्यावर नवी आलेली संगणकवाली. विम्याच्या कचेरीत दहा वर्षं काढून ती इथं आली होती. हात स्वच्छ, टेबल त्याहून स्वच्छ, पेन्सिली उंचीप्रमाणे लावलेल्या. खालच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी तिच्या टेबलाकडे बघून म्हटलं होतं, "संगणकवाल्या बाई, इथं चहा सांडायलासुद्धा भीती वाटते हो." तेव्हापासून तेच नाव चिकटलं.

संस्थेला मदत यायची ती बहुतेक दुसऱ्या संस्थांकडून. सायकलीचे कारखाने, शिवणकामाची केंद्रं, रंगाची दुकानं, दवाखाने. कुणी नळ्या द्यायचं, कुणी रेक्झिन, कुणी नुसते स्क्रू. अशा दीडशेवर संस्था, आणि प्रत्येकीत चार-पाच ओळखीची माणसं. सगळी संगणकातल्या नोंदीत. आणि प्रत्येक माणसाच्या नावापुढे एक रकाना होता, 'संपर्काचा प्रकार'.

या रकान्यात काय असतं, ते संगणकवालीला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. प्रमुख, व्यवस्थापन, खरेदी, प्रसिद्धी, फार तर कर्मचारी-कल्याण. पण आक्कांची यादी उघडली आणि ती बघतच राहिली. प्रकार बेचाळीस! 'सही करणारे' होते, ते ठीक. त्याखाली 'सहीला कागद पुढे सरकवणारे'. मग 'पहिल्या घंटेला फोन उचलणारे'. 'नाही म्हणता न येणारे (वर्षातून एकदाच विचारावं)'. 'रागावलेले, पण आपलेच'. 'ज्यांची गाडी रिकामी परत जाते'. 'बाजूला ठेवणारे'. 'कौतुक केलं की लाजून फोन ठेवणारे'. 'ज्यांचं मूल आपल्या खुर्चीत बसलं'.

ती हसली. एकटीच, पण मनापासून हसली. मग तिनं बाह्या सरसावल्या.

त्या आठवड्यात आक्का नव्हत्या. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. संचालकबाई जाता जाता म्हणाल्या होत्या, "यादी जरा आवरा. सहाच्या वर प्रकार नकोत, अहवालात मावत नाहीत." संगणकवालीला आवरायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. तिनं एकेक प्रकार काढायला घेतला. दर वेळी पडद्यावर प्रश्न यायचा, यातली माणसं कुठे हलवायची? दर वेळी तिनं उत्तर दिलं, 'इतर'. सदतीस वेळा. चारशे बारा माणसं 'इतर'मध्ये जाऊन बसली. मग तिनं त्या लख्ख यादीची एक प्रत काढून ठेवली आणि चुकून घोळ नको म्हणून आधीची जुनी प्रत पुसून टाकली. विम्याच्या कचेरीत याला शिस्त म्हणत.

गुरुवारी आक्का आल्या. पदराला डोळ्याच्या औषधाचा वास. पिशवी खुंटीला अडकवून बसतात न बसतात तोच जिना वाजला आणि मिस्त्री वर आले. त्यांच्या हातात दोन चाकं होती, आणि तोंडावर बारा वाजलेले.

"आक्का, घात झाला. पुढची चाकं मोठी आली. आठ इंची. लावली की पोरीच्या पायाच्या फळीला घासतात. पाच इंची पायजेत."

"पुरवठादाराला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणतात, पाच इंची आता कोण बनवतं? पुढच्या महिन्यात बघू." मिस्त्रींनी चाकं टेबलावर ठेवली. संगणकवालीनं पटकन खाली कागद सरकवला. "आणि पोरीची शाळा सोमवारी."

पोर कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं. सहा वर्षांची, बोलायला चुरूचुरू, पायांत बळ नाही. शाळेनं जागा दिली होती, पण अट घालून: पहिल्या दिवशी मूल हजर नसेल, तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. बाप तिला उचलून नेईल, तर त्याची कंबर गेल्या वर्षी मोडून बसलेली. तरी तो मापाला दोनदा घेऊन आला होता, थांबत थांबत. आत्ताही दोघं खाली होती. खुर्ची तयार होती, ठोकळ्यांवर उचललेली, फक्त पुढं चाकांच्या जागी दोन विटा. पोर तिच्यात बसून मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरवत होती. वरपर्यंत आवाज येत होता.

"बाबा, मी शाळेत पोचले!... बाबा, आता मी घरी आले!"

आक्का ऐकत राहिल्या. मग चष्मा लावून म्हणाल्या, "मिस्त्री, विटा काढायची तयारी ठेवा. ए बाई, 'बाजूला ठेवणारे' काढ बघू. नऊ जण आहेत. कारखान्याची कोठी सांभाळणारी माणसं. मोडीत जायची चांगली वस्तू दिसली, की यांचा जीव तुटतो. कुणाच्या ना कुणाच्या फडताळात पाच इंची निघणारच."

संगणकवालीनं कळफलकावरचे हात मागं घेतले.

"आक्का," ती म्हणाली, "तो प्रकार नाहीये आता."

"नाहीये म्हणजे?"

तिनं सांगितलं. सदतीसचं सांगितलं, 'इतर'चं सांगितलं, पुसलेल्या प्रतीचंही सांगितलं. लपवलं काही नाही. सांगता सांगता कानांच्या पाळ्या गरम होत गेल्या. मिस्त्री एकदा तिच्याकडे, एकदा आक्कांकडे बघत उभे.

आक्कांनी खुर्ची पुढे ओढली. पडद्यावरची ती सहा ओळींची यादी त्यांनी वाचली; वाचायला वेळ तो किती लागणार! मग म्हणाल्या, "छान दिसतेय गं. अंगण झाडल्यासारखी. फक्त झाडताना पेरलेलंही गेलं."

"तुमच्या लक्षात असतील ना ती नऊ?"

"दोघं आहेत. सात नाहीत."

"सव्वीस वर्षांत..."

"अगं, लक्षात ठेवायला लागू नये म्हणून तर लिहिलं! डोक्यात ठेवलं असतं, तर परवा मी बहिणीकडे गेले, तेव्हा तेही माझ्याबरोबर गेलं असतं. तुझ्यासाठी लिहिलं होतं मी ते. म्हणजे तू येणार हे माहीत नव्हतं, पण कुणीतरी येणार, हे माहीत होतं."

संगणकवालीला वाटलं, यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

लक्षात असलेल्या दोघांना फोन लागले. एकाकडे दहा इंची होती. दुसरा निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेला होता. तिकडूनही तो तळमळून म्हणाला, "गेल्या वर्षी विचारलं असतंत तर!"

उरले सात. चारशे दहा माणसांत सात.

"नोंदी आहेत," संगणकवाली एकदम म्हणाली. "आक्का, प्रकार गेले, पण फोनच्या नोंदी मी नाही काढल्या. प्रत्येक फोनला तुम्ही एक-दोन ओळी लिहिल्यायत."

"त्या कशा राहिल्या?"

"त्या उद्या काढणार होते."

आक्का इतक्या हसल्या, की खालून मिस्त्रींनी, ते एव्हाना खाली गेले होते, ओरडून विचारलं, "मिळालं का हो?"

मग दोघी बसल्या. एकीनं वाचायचं, दुसरीनं ओळखायचं. गुरुवार गेला, शुक्रवार उजाडला, खिडकीतलं ऊन एका टेबलावरून दुसऱ्यावर सरकलं, पण वाचणं चालूच.

"रंगाचं दुकान. 'म्हणाले, साहेब जेवून आल्यावर बोला, उपाशीपोटी नको.'"

"हं, तो आपला वाट दाखवणारा. साहेबाच्या दाराशी बसतो. लिही, 'वेळ सांगणारे'."

"दवाखाना. 'ओरडल्या. मग स्वतःच परत फोन केला.'"

"रागावलेली, पण आपलीच."

"पावाचा कारखाना. 'सकाळी पाव टाकून गाडी मोकळीच येते, काहीही टाका म्हणाले, फक्त ओलं नको.'"

"रिकामी गाडी. देवमाणूस. पण बोलायला लागला की फोन कानाला चिकटतो, आधी चहा पिऊन घ्यावा."

पहिल्या पन्नासांत संगणकवाली नुसती वाचत होती. पुढच्या पन्नासांत तिला माणसं दिसायला लागली. जात्यातून पीठ पडावं तशी नोंदीतून माणसं पडत होती. कुणी भरड, कुणी मऊ, एकही दुसऱ्यासारखं नाही. पाटीवरचा हुद्दा यांच्यातल्या एकालाही शिवला नव्हता. शंभराच्या पुढं ती आक्कांच्या आधीच बोलून जाऊ लागली.

"शिवणकेंद्र. 'आभार मानले तर म्हणाल्या, पुरे पुरे, दूध उतू जातंय.' आक्का, ही लाजून फोन ठेवणारी!"

"बरोब्बर! अगं, तिच्या घरी दर वेळी दूध उतू जातं. एवढं दूध आणते तरी कुठून कोण जाणे."

दुपारी संगणकवालीनं विचारलं, "आक्का, हे प्रकार तुम्हाला सुचले कसे?"

आक्कांनी डब्याचं झाकण लावलं. "सुचले कुठं? अडले. सुरुवातीला मीही लिहायची, व्यवस्थापक, उपव्यवस्थापक. मग एकदा एक खुर्ची गाडीविना आठ दिवस पडून राहिली आणि मला कळलं, की गाडी कुणाची रिकामी जाते हेच मी कधी विचारलं नव्हतं. हुद्दा काय, त्यांच्या दारावर लिहिलेला असतोच. तोच मी पुन्हा कशाला लिहू? माणूस कशाला धावून येतो, ते कुठंच लिहिलेलं नसतं. ते आपण लिहायचं."

बोलता बोलता त्यांनी डब्याखालचं टेबल पुसलं, आपलंही आणि तिचंही. संगणकवाली त्यांच्या हातांकडे बघत राहिली. या बाईनं दीडशे संस्थांच्या भिंती बाहेरूनच पारखल्या होत्या, आणि कुठल्या भिंतीमागं माया आहे, ते बेचाळीस ओळींत मांडून ठेवलं होतं. आणि आपण काय केलं? त्यांना 'इतर' म्हटलं.

शनिवारी सकाळी, दोनशे अठ्ठ्याण्णवावी नोंद. बाबागाड्या बनवणारा एक कारखाना, कोठी सांभाळणाऱ्या बाई. संगणकवालीनं वाचलं, "'फोन त्यांनीच केला. म्हणाल्या, टाकवत नाही हो.' एवढंच आहे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आक्का म्हणाल्या, "तू लाव."

फोन लागला. पलीकडून दमदार आवाज आला, "बोला!"

संगणकवालीनं संस्थेचं नाव सांगितलं.

"अगं बाई! आक्का कुठायत? बऱ्या आहेत ना? अनोळखी आवाज ऐकला की नको नको ते मनात येतं."

"बऱ्या आहेत, शेजारीच आहेत. बाई, तुमच्याकडे पाच इंची चाकं..."

"आहेत की! चार आहेत. जुन्या मापाच्या गाड्या बंद झाल्या, तेव्हाच आक्कांसाठी उचलून ठेवलीत. दीड वर्ष झालं. इथं येईल तो विचारतो, हा कचरा कुणाचा? मी सांगते, माझ्या माहेरचा आहे, हात लावायचा नाही!"

संगणकवालीला हसू आलं आणि डोळेही भरले. तिनं तोंडावर हात धरला. आक्कांनी फोन घेतला. "माहेरवाशिणी, तुझा कचरा आज पाठव गं."

"आज? गाडी कुठली आज!"

आक्का काही बोलायच्या आत संगणकवालीनं कालचीच ओळ पडद्यावर आणली होती. ज्यांची गाडी रिकामी परत जाते. पावाच्या कारखान्याला तिनं स्वतः फोन लावला. चहा पिऊन घ्यायला मात्र विसरली. तो गृहस्थ वीस मिनिटं बोलला आणि एकविसाव्या मिनिटाला म्हणाला, "ते सगळं जाऊ द्या, माझी गाडी तिथूनच परत येते. ओलं नाही ना?"

दुपारी चाकं आली, पावाच्या वासाची. मिस्त्रींनी ती बसवली, फिरवून पाहिली, कान लावून ऐकली. मग विटा काढल्या. त्या दोन विटा त्यांनी आणून संगणकवालीच्या टेबलावर ठेवल्या, भुकटीसकट. "आठवण म्हणून," ते म्हणाले. तिनं कागद सरकवला नाही.

संचालकबाईंना तिनं स्वतःच जाऊन सांगितलं, चूक कुणाची, कशी, किती. मग म्हणाली, "बाई, सहा प्रकार अहवालाला पुरतात. कामाला नाही पुरत. अहवालासाठी मी सहांत बेरीज करून देईन. पण यादी आक्कांचीच राहू द्या." संचालकबाईंनी तिच्या टेबलापाशी येऊन उरलेल्या चाकांकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं आणि मान डोलावली.

सोमवारी सकाळी संगणकवाली शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मुलांचा लोंढा येत होता, नवे बूट करकरत होते. पोर आली, स्वतःच चाकं फिरवत, बाप मागून रिकाम्या हातांनी चालत होता. त्याला ते हात कुठं ठेवावेत हेच कळत नव्हतं. दारापर्यंत सगळं छान झालं. दाराला दोन पायऱ्या होत्या. मुख्याध्यापिका समोर आल्या, "या, या," म्हणाल्या, पायऱ्या पाहून थबकल्या आणि कुणाला तरी हाका मारू लागल्या. पण त्याच्या आधीच झाडूवाल्या मावशी कोपऱ्यातून आल्या. बगलेत एक रुंद फळी. पायऱ्यांवर ती टाकली, एका टोकावर स्वतःचा पाय रोवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल गं राणी. मी आहे."

चाकं फळीवरून चढली. आतून आवाज आला, "बाबा, मी पोचले!" या वेळी मात्र "घरी आले" हे काही तिनं म्हटलं नाही.

संगणकवाली मावशींजवळ गेली. त्यांचं नाव विचारलं, फोन विचारला. "फळी कुणी आणायला सांगितली?"

"सांगायचं काय त्यात? शुक्रवारी बाप येऊन बघून गेला. बिचारा पायऱ्याच मोजत होता."

कचेरीत येऊन तिनं शाळेची नवी नोंद उघडली. मुख्याध्यापिकांचं नाव घातलं, पुढे 'सही करणारे'. मग मावशींचं नाव घातलं आणि प्रकाराच्या रकान्यात अडली. बेचाळीसच्या बेचाळीस परत जागेवर आले होते. वरून खाली, खालून वर वाचले. एकही बसेना.

"आक्का, त्रेचाळिसावा करू?"

आक्का नोंद लिहिण्यात गुंग होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अडलं असेल तर कर."

तिनं लिहिलं, 'न सांगता फळी टाकणारे'. मग विटांवरची भुकटी बोटाला लागली होती, ती तशीच राहू देऊन, नोंद साठवली.