मास्तरांनी सोडलेली कोरी जागा

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. जन्मभर लोकांचंच बोलत आलो, तेव्हा आज चार शब्द माझेही ऐका.

अड्याळच्या यादोराव मास्तरांनी मला नागपूरच्या दुकानातून आणलं, ते साल असेल अठ्ठ्याहत्तर. गाणी ऐकायला नव्हे. ज्यांची शाळा सुटली त्यांना घरबसल्या शिकवायचं, असं त्यांच्या डोक्यानं घेतलं होतं. आमच्या भागात तोवर असलं खूळ कुणाला सुचलं नव्हतं. त्यांच्या पत्नी ललिताबाई कुरकुरायच्या, "घरच्या मानसाशी बोलाले फुरसत नाही, अन् डब्याशी बोलत बसतेत!"

मास्तर थोडा पाठ बोलायचे, मग म्हणायचे, "आता तू सांग." आणि गप्प बसायचे. मी फिरत राहायचो, टेप कोरी जायची. मग कंडक्टर सोमाजी मला एस.टी.नं एकोडीला पोचवायचा. तिथं रुखमिणी विड्या वळता वळता पाठ ऐकायची. लग्न झालं आणि तिची शाळा सुटली होती. कोरी जागा आली की माझं लाल बटण दाबून तिनं उत्तर द्यायचं. पहिले काही दिवस ती नुसतीच लाजली. मास्तरांना कोंबड्यांचा कलकलाट तेवढा ऐकायला मिळाला.

नागपूरच्या एका सभेत मास्तरांनी हे सगळं मांडलं, तेव्हा साहेबलोक हसले. कोरी टेप म्हणजे वाया गेलेली टेप, असं त्यांचं म्हणणं. मास्तर म्हणाले, "दूर म्हणजे मैल नाही, साहेब. पहिल्या बाकावर बसून ज्याले बोलता येत नाही, तो पोरगा एकोडीपेक्षा दूर आहे." कुणी मान हलवली नाही. परतताना मी त्यांच्या मांडीवर होतो. एकोडीच्या पोरीला आता काय शिकवायचं, एवढंच ते पुटपुटत होते.

कॅसेट एकच होती. त्यामुळे नेम असा, की पाठ डोक्यात बसला की त्याच्यावरच बोलायचं. "तुह्या डोक्यात गेलं, मंग टेपवर कायले पाहिजे?" मास्तर म्हणायचे. माझ्यातून त्यांचे किती पाठ असे पुसले गेले!

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात दम्यानं मास्तरांना धरलं. रुखमिणी मॅट्रिकच्या परीक्षेला बसून निकालाची वाट पाहत होती. खोकत खोकत मास्तरांनी तिच्यासाठी शेवटचा पाठ भरला. तो गणिताचा नव्हता की इतिहासाचा नव्हता. दूरच्या माणसाला कसं शिकवावं, याचा त्यांचा सगळा विचार त्यात होता. "हे तू दुसऱ्यायले शिकवजो, पोरी," ते म्हणाले. आणि शेवटी नेहमीचंच, "आता तू सांग."

रुखमिणी पास झाली. या खेपेला सोमाजीची वाट न पाहता ती स्वतः मला घेऊन अड्याळला आली, हातात पेढे. ओसरीवर ललिताबाई पांढऱ्या कपाळानं बसलेल्या. मास्तर आठवड्यापूर्वीच गेले होते.

मला पाहताच ललिताबाई सरसावल्या. "आणलं बाई तू? त्यायचा आवाज आयकव मले."

रुखमिणीचा हात पुढे येईना. ललिताबाईंनीच बटण दाबलं. आतून रुखमिणी हसत बोलू लागली, "गुरुजी, मी पास झाली!" ती बोलतच होती. निकालाचं, सासूचं, गावाचं, सगळं.

"त्यायचाच नेम होता, काकू," रुखमिणी रडत म्हणाली. "पाठ मले तोंडपाठ आहे. सांगू का?"

"शब्द नाही मागत, पोरी. नुसता खोकला राहिला असता तरी चाललं असतं."

तेवढ्यात टेपवरची रुखमिणी थांबली. खट्ट वाजलं आणि तिच्या बोलण्यातून उरलेला मास्तरांचा आवाज आला, "आता तू सांग." पुढे नुसती खरखर.

रुखमिणी आज एकोडीच्या बायकांना शिकवते. मास्तरांचा विचार तिकडे चालू आहे, असं सोमाजी सांगतो. मी मात्र इथंच राहिलो. रोज दिवेलागणीला ललिताबाई मला लावायच्या. "आता तू सांग" आलं की सांगायच्या: बरबटीची भाजी केली, गाय व्याली, गुडघे धरले. लाल बटण त्यांनी कधी दाबलं नाही.

आता माझा पट्टा तुटलाय, फिरवत नाही. तरी त्या समोर बसतात, थोडं थांबतात आणि बोलू लागतात. कुणी मला दुरुस्त केलंत तर उपकार होतील. पण माझ्यात नवं काही भरू नका. ते एक वाक्य राहू द्या आणि त्याच्यापुढची कोरी जागाही. ती त्यांना रोज लागते.