निळ्या पिंपाची धास्ती

मी भोंग्या बोलतोय. हे नाव काही आईनं दिलेलं नाही. आई नावानं हाक मारत नसे, नुसती चाटायची. भोकरजवळ शेतातल्या एका आखाड्यावर, म्हणजे गोठा-झोपडीच्या वस्तीवर, कडब्याच्या गंजीच्या आडोशाला आम्ही पाच भावंडं जन्मलो. अंजूताई तिथं मैत्रिणीच्या लग्नाला आली होती. येताना आहेर घेऊन आली आणि जाताना मला घेऊन गेली.

टोमॅटोच्या क्रेटमध्ये ओढणी अंथरून तिनं मला एसटीनं लातूरला आणलं. नांदेडपर्यंत मी कण्हलो, अहमदपूरपर्यंत रडलो आणि त्यापुढं कंडक्टरनं कानात बोळे घातले.

नव्या घरात मला सगळ्याचीच भीती वाटायची. कुकरची शिट्टी, मिक्सर, टँकरचा हॉर्न. सगळ्यांत जास्त बंद दाराची. दार लागलं की वाटायचं, आईसारखी ही माणसंही गेली, आता परत यायची नाहीत. मग मी जो सूर लावायचो तो गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. अंजूताईचे वडील, सिद्धलिंगअप्पा, दुकानातून जेवायला आले की कपाळावर हात मारत. "ह्याला कुत्रं कोण म्हनलं? भोंगा हाय, भोंगा!" तेच नाव पडलं.

माझं ओरडणं वाया मात्र कधी गेलं नाही. पहिल्या हाकेला अंजूताई दूध घेऊन धावायची. ती नसली की अप्पा इकडंतिकडं बघत हळूच ग्लुकोजचं बिस्किट टाकायचे. मला वाटलं, या घरात माणसांना बोलवायची हीच रीत असावी.

वरच्या मजल्यावर नीटच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या चार मुली भाड्यानं राहत. त्यातली शिरूर अनंतपाळची अक्षरा दुसऱ्यांदा परीक्षा देत होती. एका दुपारी ती खाली आली आणि अंजूताईच्या आईसमोर रडायलाच लागली.

"काकू, तीन आठवड्यांवर पेपर आलाय. हे सारखं ओरडायलंय, डोक्यात कायबी राहीना. औंदा नंबर न्हाई लागला तर घरी माझं लग्नाचं बघायलेत."

अंजूताईची आई दानम्मा, घरात त्यांना अव्वा म्हणत. अव्वांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच संध्याकाळी अप्पांनी मुरुडला आपल्या साडूंना, गुरुबसप्पांना फोन लावला. "रविवारी या आन् कुत्रं घेऊन जावा. शेताला राखण होईल."

अंजूताईचा चेहरा पडला. "अप्पा, ते साखळीला बांधतेत. त्यांचं मागचं कुत्रं रानडुकरानं फाडलं की!"

"मग काय त्या पोरीचं वरीस वाया घालू?"

मुरुड कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं. पण त्या रात्री अंजूताईनं मला मांडीवरून खाली उतरवलंच नाही, आणि ते मला पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवसापासून ती मला गच्चीवर नेऊ लागली. तिच्या मोबाइलमध्ये कुत्री दांड्यांवरून उड्या मारायची, बोगद्यातून पळायची. "अ‍ॅजिलिटी म्हणतेत ह्याला अव्वा. कुत्र्याला काम दिलं की त्याचा गोंधळ कमी होतो." जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, हाडं कोवळी आहेत, उंच उड्या नकोत. म्हणून तिनं एकेका विटेवर ठिबकच्या नळ्या आडव्या टाकल्या. पाण्याच्या बाटल्या ओळीनं मांडल्या. आणि शेवटी दोन्ही बाजूंनी कापलेलं एक निळं पिंप आडवं केलं.

नळ्या मला आवडल्या. पिंप नाही. त्यात डोकं घातलं की माझाच श्वास मोठा होऊन अंगावर यायचा. मी शेपूट पोटाशी घेऊन मागं पळायचो.

खरा धडा मात्र मला अव्वांनी दिला, तोही एक शब्द न बोलता. रोज सकाळी अंघोळ झाली की त्या डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसत. पूजा संपेपर्यंत बोलणं नाही, उठणं नाही, मग गॅसवर दूध का उतू जाईना. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर घसा कोरडा होईपर्यंत ओरडलो. त्यांची नजर हलली नाही. मला वाटलं, आता ह्याही गेल्या. भीत भीत त्यांच्या पदराला नाक लावलं. पदर उबदार होता आणि आतून श्वास चालू होता. तिथंच मला झोप लागली.

चार दिवसांनी अंजूताईच्या लक्षात आलं. "अव्वा, तुझ्याजवळच हा कसा काय गप बसतो?"

"मी त्याच्या हाकेला उठत न्हाई, म्हणून. तुम्ही दोघं उठताव."

मग घरात सगळ्यांनी मन घट्ट केलं. मी गप झाल्याशिवाय कुणी यायचंच नाही. ते दोन दिवस फार वाईट गेले. पण शनिवारी मला उमगलं की गेलेलं माणूस न बोलवताही परत येतं. त्या दुपारी अक्षरा चक्क झोपली.

"पर साडूला शब्द दिलाय," अप्पा खाली मान घालून म्हणाले.

रविवारी गुरुबसप्पा आले. पिशवीत साखळी होती, ती चालताना वाजायची. अंजूताईनं मनाशी ठरवलं होतं की माझी कसरत बघून अप्पांचं मन पाघळेल. तिनं सगळ्यांना गच्चीवर नेलं. मी नळ्यांवरून उड्या मारल्या, बाटल्यांमधून वळणं घेत पळालो. अप्पा खुलले. पण त्यांच्याहून जास्त गुरुबसप्पा खुलले.

"आरं वा! लई चलाख हाय की! असंच पायजे राखणीला."

त्यांनी पिशवीत हात घातला. आपण काय करून बसलो ते अंजूताईला कळलं, पण सवयीनं तिचा हात पिंपाकडं गेला होता. माझ्या पुढं पिंप होतं आणि मागं साखळी. मी होतो तिथं बसलो आणि गुरुबसप्पांच्या बुटावर मुतलो.

"हात् तिच्या! हे तर लई भित्रं हाय. डुक्कर बघूनच मरंल. ऱ्हाऊ द्या साडूभाऊ. धीट झालं की कळवा, येऊन नेतो."

तो बूट अप्पांनी स्वतः धुतला, तोही अगदी हौसेनं.

आज मी दहा महिन्यांचा आहे. अक्षरा पेपर देऊन गावी गेली. पुढं तिचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. अंजूताईला मला स्पर्धेत उतरवायचंय. सगळं येतं, फक्त पिंप अडतं. गुरुबसप्पा सणावाराला येतात आणि दारातूनच विचारतात, "झालं का धीट?"

खरं सांगू? दुपारी गच्चीवर कुणी नसलं की मी त्या पिंपातून इकडून तिकडं पळतो. दहा-दहा वेळा. आत काही नाही, छान गार वाटतं. पण जिन्यात चपला वाजल्या की मी बाहेर येतो, शेपूट आत घेतो आणि थरथरत उभा राहतो. अंजूताई खाली बसते, माझी मान खाजवते. "राहू दे रे, न्हाई जमत तर." तिचा हिरमुसलेला चेहरा बघून माझा जीव तुटतो.

तुम्हाला एकच विनंती आहे. कधी मुरुडकडं गेलात आणि गुरुबसप्पा भेटले, तर त्यांना सांगा, भोंग्या अजून भितो. ते काही खोटं नाही.