कोपऱ्यातल्या टाकीचं पाणी

कॅन्सरवरचे उपचार संपल्यापासून दुपारची झोप मला आवरत नाही. आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानात, टाक्यांच्या मधल्या बाकड्यावर मी अंग टाकते आणि छतावर हलणारी पाण्याची सावली बघत राहते. दार लोटलेलं, दिवे निळे, पंपांची बुडबुड चाललेली. मग मी जागी आहे की झोपलेय, याचा पत्ता लागत नाही. मासे काचेतून सहज बाहेर येतात, माझ्या नव्याने उगवलेल्या केसांतून फिरतात. मीही म्हणते, फिरा बाबांनो, भाडं थोडंच द्यायचंय.

त्या दुपारी मात्र मासे माझ्याजवळ येईनात. डॉक्टरीणबाईंचं बोलणं मध्ये आडवं येत होतं. आजार गेलाय, पण औषधांनी अंडाशय निकामी केलेत, मूल होण्याची आशा धरू नका, असं त्यांनी शांतपणे समजावलं होतं. त्याला आठवडा होत आला तरी आमच्या ह्यांना मी सांगितलं नव्हतं. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. ह्यांना मुलांचं भारी वेड. दुकानात कुणाचं पोर आलं, की गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून हे त्याला गोगलगाय दाखवत बसणार. तो चेहरा माझ्यामुळे पडणार, याचीच मला भीती होती. सलाईनच्या सुयांना मी इतकी घाबरले नव्हते.

"ऊठ गं," ह्यांनी हलवलं. "कोपऱ्यात बघ काय झालंय."

कोपऱ्यातल्या टाकीत एंजल माशांची जोडी होती, इतकी वर्षं ढिम्म, एकदाही अंडी न घातलेली. आज तिथे अंड्यांसाठी उभ्या ठेवलेल्या कौलावर मोहरीएवढी काचेसारखी अंडी ओळीने चिकटली होती.

"पाणी गरम झालंय इथलं," हे म्हणाले. "ऊब मिळाली की घालतात."

टाक्यांच्या पाण्याचं काम माझ्याकडे असतं. थर्मामीटरला मी कधी विचारत नाही. दोन बोटं बुडवायची आणि हीटरची कळ फिरवायची. पण औषधांनी बोटांची टोकं बधिर झाली आहेत. मला सगळंच पाणी गार लागतं, म्हणून मी कळ जरा पुढे सरकवत असे. हेही मी कुणाला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली. फळलेली अंडी नितळ राहतात, पोकळ असतात ती पांढरी होतात. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, काचेला नाक लावलं आणि हसू लागले.

"दोघींनीही घातलीत, दोघी माद्याच आहेत की. जोडी म्हणून आपल्या गळ्यात मारल्या."

पांढरी अंडी आम्ही लगेच नळीने ओढून घेतो, नाहीतर पाणी नासतं. ह्यांनी नळी उचलली आणि परत ठेवली. दोघी माद्या आळीपाळीने अंड्यांना पंखांनी वारा घालत होत्या.

माझं डोकंच फिरलं. "काढा की ती. कशाला उगाच आशेला लावताय त्यांना?"

"उद्या काढू. आज घालू देत वारा."

"मला मूल होणार नाही," मी म्हणाले. "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय."

हे बाकड्यावर बसले. कपाळावरचा चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"वाईट वाटतंय," हे म्हणाले. "खोटं कशाला सांगू. फार वाईट वाटतंय."

त्यांचे डोळे भरून आले आणि मला हायसं वाटलं. 'त्यात काय एवढं' असं ते म्हणाले असते, तर मला एकटीला रडावं लागलं असतं. मग आम्ही दोघांनी रडून घेतलं, नाकं पुसली, एकाच फडक्याला.

"अजून काय लपवलंयस?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही."

"आणि बोटं? रोज तू हीटर वाढवतेस, मी मागून कमी करतो. ही कोपऱ्यातली तेवढी नजरेतून सुटली."

मी भडकले. "मग इतके दिवस तोंडाला कुलूप होतं का?"

"कळ फिरवताना तुझा पूर्वीचा तोरा दिसायचा. तेवढाच मला पाहायला मिळत होता."

ह्यांनी बाही वर सारली, माझं मनगट धरलं आणि आम्हा दोघांचे हात त्या टाकीत सोडले. निळ्या उजेडात दोन्ही हात सारखेच फिकट दिसत होते. त्यातला माझा कोणता, हे क्षणभर मलाही सांगता आलं नसतं.

"कसं आहे पाणी?"

"मला कळत नाही," मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले.

"कोमट आहे. तुझ्या आंघोळीच्या पाण्याहून जरा कमी."

अंड्यांवर कुणी चालून आलंय असं वाटून दोघी माद्या सरळ आमच्या अंगावर धावल्या. ह्यांनी ओठ चावला.

"मला चावली का?" माझ्या बोटांना काही कळलं नव्हतं, म्हणून मी विचारलं.

"हो," हे म्हणाले. "करंगळीला. दोनदा."