काळा झेंडू, पांढरी गोकर्ण

डबा म्हणा, पेटी म्हणा, मला राग नाही. पण बोलायला बसलोच आहे तर खरं नाव सांगतो. मी कॅमेरा आहे. पुढं एक डोळा, मागं उघडणारं झाकण आणि पोटात अंधार. त्या अंधारावरच माझं सगळं चालतं, एवढं ध्यानात ठेवा.

हिंगोलीच्या बाजारात बदली झालेल्या एका साहेबाचं सामान विकायला निघालं, त्यात मी होतो. हट्टा गावचे माणिकराव आले होते बैल बघायला, आणि मला काखेत मारून घरी गेले. त्यांच्या आईनं, गोजरबाईंनी, दारातच अडवलं.

"बैल कुठं हाय?"

"पुढच्या बाजाराला बघू, बाई," माणिकराव म्हणाले. आईला ते बाई म्हणत.

त्यांना माणसांचे फोटो काढायची फार हौस. पण फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी गावाची पक्की समजूत. मला पाहिलं की लोक वाट बदलायचे. मग राहिली फुलं. परसात माणिकरावांच्या बायकोनं, शालूनं, बाग केली होती. पाऊस ओसरून आश्विन लागला की तिथं झेंडू, जास्वंद, शेवंती, आणि कुडावर चढलेली निळी गोकर्ण.

मला फार जवळचं धड दिसत नाही. म्हणून माणिकराव चार पावलं मागं सरकून मला पोटाशी धरत. फूल उठून दिसावं म्हणून शालू झाडामागं धुतलेलं पांढरं धोतर आडवं धरून उभी राहायची.

"हलू नको," ते म्हणत.

"मी न्हाई हलून राहिले. वारा हलवून राहिला," धोतरामागून उत्तर यायचं. ती माहेरच्या बोलीत अशी बोलली की माणिकरावांना हसू फुटे, हात हले आणि चित्र बिघडे. नाव खराब व्हायचं ते माझं.

रोल भरला की ते हिंगोलीला नेमसिंग फोटोवाल्याकडं धुवायला नेत. पहिले फोटो घरी आले तेव्हा गोकर्ण पांढरीशुभ्र होती, आणि झेंडू, जास्वंद काळेठिक्कर. त्या वेळच्या आमच्या रोलला लाल-केशरी दिसतच नसे, त्याला मी काय करणार.

गोजरबाईंनी फोटो उलटसुलट करून पाहिले. "दसऱ्याची फुलं काळी करून आणली," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर शालूच्या कपाळावर गेली. "हिचा फोटो कधी काढायचा न्हाई, माणिक. कुंकू काळं आलं तर तुज्याच जिवावर यायचं."

"बाई, रोलला लाल दिसत न्हाई म्हणून तसं येतं."

"मला दिसतंय न्हं," गोजरबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथंच मिटला.

कुंकू पुसून फोटो काढणं तर सवाष्णीला मनातही आणता येत नाही. त्यामुळं पुढची कैक वर्षं मी फुलंच टिपली. प्रत्येक फोटोत मागं धोतर दिसायचं, शालू दिसायची नाही. मधल्या काळात त्यांना लेक झाली, भागी; ती चालू लागली, आईचा पदर धरून बागेत फिरू लागली.

एका आश्विनात गोजरबाई औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेल्या. शालूनं धोतर बाजूला टाकलं आणि पुढं आली.

"अवं, माझा काढा आज."

"अन् कुंकू?"

"येऊ द्या काळं. लाल हाय ते तुमाला ठाऊक हाय न्हं?"

पदर मागं सारून ती गोकर्णीच्या वेलाशी उभी राहिली. मला वाटलं, लाजेल. पण ती थेट माझ्या डोळ्यात बघून हसली, आणि माणिकरावांचा हात त्या दिवशी हलला नाही. मी आयुष्यात काढलेलं एकच चांगलं चित्र ते.

रोलमध्ये अजून एक जागा उरली होती. "शेवंती फुलू द्या, मग न्या धुवायला," शालूच म्हणाली. शेवंती कळीवर आली आणि तिला हिवतापानं गाठलं. दिवाळीच्या तोंडावर ती गेली.

गोजरबाईंनी आपल्या हातानं सुनेचं सगळं कपाळ कुंकवानं भरलं. "मी पोराच्या जिवाला भ्याले, अन् पोरगी गेली," एवढंच त्या दिवसभर म्हणत राहिल्या. मी फळीवरून बघत होतो. शालू हसत माझ्या पोटात होती, आणि घरात तिच्यासाठी रडारड चालली होती.

तेरावा झाल्यावर माणिकरावांनी आईला खरं सांगून टाकलं. "बाई, शालू हाय ह्याच्यात. तुमी औंढ्याला गेलत्या तवा काढलाय."

गोजरबाई रागावल्या नाहीत. माझ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "कवा दिसंल?"

"बाजाराच्या दिवशी हिंगोलीला नेतो."

बाजाराचा दिवस यायचा होता. माणिकराव शेतात गेले आणि भागीनं 'माय पायजे' म्हणून आकांत मांडला. गूळ दिला, गाईचं वासरू दाखवलं, लेकरू काही राहीना. शेवटी गोजरबाईंनी मला फळीवरून काढलं आणि अंगणात उन्हात येऊन बसल्या.

"उगी, बाळा. तुजी माय ह्याच्यात हाय. थांब, दाखविते."

त्यांचा अंगठा माझ्या झाकणाच्या खिटीवर आला. तेव्हा मला एकच शब्द बोलता आला असता तर पुढचं सगळं आयुष्य मुका राहिलो असतो. झाकण उघडलं. ऊन आत शिरलं. गोजरबाईंनी रोल उलगडला, पट्टी सूर्यासमोर धरली, पाठपोट निरखली. नुसती पिवळट, कोरी पट्टी. शालू क्षणापूर्वीपर्यंत तिथं होती.

सांजेला माणिकराव आले तेव्हा ती पट्टी गोजरबाईंच्या मांडीवर होती. "ह्याच्यात तर कोणीच न्हाई रे," त्या म्हणाल्या.

माणिकरावांनी पट्टी उचलली, गुंडाळून खिशात ठेवली. मग म्हणाले, "व्हय, बाई. मलाच नीट काढता आला न्हाई."

त्यानंतर माझ्यात कोणी रोल भरला नाही. रझाकारांच्या धामधुमीत मी कडब्याच्या गंजीत लपून होतो. आता सगळं निवलंय. यंदाच्या आश्विनात मी पुन्हा फळीवर आलोय. बाग गोजरबाई बघतात. परवा भागीनं विचारलं, "आजे, माझी माय कशी दिसायची?" त्यांनी जुना झेंडूचा फोटो काढला आणि मागच्या पांढऱ्या धोतरावर बोट ठेवलं. म्हणाल्या, "ह्याच्यामागं उभी हाय ती." पोरगी कितीतरी वेळ त्या धोतराकडं बघत होती.

गोजरबाई अजून मला पदरानं पुसतात. म्हणतात, "एकवार तरी दाखवायची व्हतीस रे."

तुम्हाला सगळं सांगितलं, कारण इतकी वर्षं पोटात धरून मी थकलोय. कधी हट्ट्याला आलात तर ओट्यावर बसा, पाणी प्या, गोकर्ण बघा. त्या म्हातारीपाशी मात्र रोलचं आणि उन्हाचं काही काढू नका. माणिकरावांनी आजवर काढलं नाही.